सांगताना आनंद होतो की…

१२ जानेवारी

जावईबापू,

आशीर्वाद. नको असले तरी ते परत घेता येत नाहीत, तेव्हा ठेवून घ्या.

तुमचा फोन लागत नाही. म्हणजे लागतो, पण माझा लागत नाही. तुमच्या सासूबाईंच्या फोनवरून एकदा लागला आणि माझा आवाज ऐकताच बंद झाला. काय समजायचं ते मी समजलो. म्हणून हे पत्र. पाकीट न फोडता फेकून द्यायला मन जरा जास्त घट्ट करावं लागतं, आणि तुमचं तेवढं घट्ट नाही, हे मला लग्नाच्या आधीपासून ठाऊक आहे.

कामाचं आधी. तुमचे विभागप्रमुख परवा स्टुडिओत आले होते. नवा फोटो हवा होता. पोट आत घेऊन बसले आणि म्हणाले, "नैसर्गिक दिसायला हवं." सगळे हेच म्हणतात. मी दिवा लावत होतो तेव्हा हळूच म्हणाले, "एप्रिलअखेर समिती बसतेय. तुमच्या जावयाला कायम करायचं की नाही ते ठरेल. त्याचं इंटरनेटवरचं पान जरा जागतं ठेवा. समितीतले निम्मे लोक कागद उघडत नाहीत, पान बघतात."

तेव्हा तुमचा तिथला एक फोटो पाठवा. त्या माळरानावरच्या केंद्रात तुम्ही मातीत हात घालून बसला असाल तसा. दाढी वाढली असेल तर राहू द्या. दाढीवाला शास्त्रज्ञ चालतो, फक्त डोळे झोपाळू नकोत. बाकी तुमच्या पानाला आम्ही हात लावलेला नाही. जसं होतं तसंच आहे.

आमची कन्या वरच्या खोलीत राहते. दिवसा माझ्याबरोबर स्टुडिओत, संध्याकाळी वर. तुम्ही तिकडे एकटे का गेलात हे तिने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. तुमच्या सासूबाई विचारणार होत्या, मी डोळ्यांनी दटावलं. तेवढा एक धाक अजून उरलाय माझा घरात.

फोटो पाठवा.

तुमचा,
सासरा


२ फेब्रुवारी

जावईबापू,

तुमचं एका ओळीचं कार्ड मिळालं. "माझ्या नावाने पानावर काही टाकू नका, आणि ते गांडूळ माझं नाही." बस. खाली सहीसुद्धा नाही. पाहुणा दारातून ओरडून निघून जावा तसं झालं.

म्हणजे केंद्राच्या ऑफिसात बसून तुम्ही पान बघता तर. मी गेल्या वेळी लिहिलं होतं की पानाला हात लावला नाही. ते खोटं होतं. तुम्ही गेल्यापासून दर आठवड्याला एक पोस्ट जाते. मीच लिहितो. कन्येचा त्यात काही संबंध नाही.

आता त्या गांडुळाचं. फोटोतला हातमोज्यातला हात माझा आहे. गांडूळ गळ टाकणाऱ्यांच्या दुकानातून आणलं. दुकानदार म्हणाला, "मासा कुठला धरायचाय?" मी म्हटलं, "प्राध्यापक." तो बराच वेळ हसत होता. गांडुळात गांडूळ, मला काय ठाऊक की त्यांच्यातही जाती असतात आणि तुमचं जरा तांबडं असतं! ज्यांनी तो फोटो पाहून वाहवा केली, त्यांत तुमच्याच विषयातले तिघे होते, आणि त्यांनाही कळलं नाही. हे मी स्वतःच्या बचावासाठी सांगत नाही. म्हणजे सांगतोच आहे.

रागावलात, ठीक आहे. पण माझी बाजू ऐका. मी विद्यापीठाच्या फाटकासमोर एक स्टूल आणि एक निळा पडदा घेऊन बसलो, तेव्हा लोक ओळखपत्रासाठी फोटो काढायचे. चेहरा ओळखू आला की काम झालं. आता माझ्याकडे येतात ते निराळेच दिसायला. सूक्ष्मदर्शकाला डोळा न लावता त्यात बघणारे. पुसायचं राहून गेलंय असं वाटावं म्हणून फळ्यावर मुद्दाम समीकरण लिहून आणणारे. स्वतःचा परिचय स्वतःच लिहून आणतात आणि त्यात स्वतःला 'ते' म्हणतात. एक बाई आहेत, फार मोठ्या, त्या मला म्हणाल्या, "नम्र वाटलं पाहिजे, पण कमी वाटता कामा नये." मी म्हटलं, "बाई, दोन्हीचं मिळून एकच माप मिळतं, आणि ते जरा घट्ट बसतं." हसल्या. पण घेतलं तेच.

ही माणसं वाईट नाहीत हो. मी त्यांचं बोलणं ऐकतो ना खुर्चीत. दिवा डोळ्यांवर आला की माणूस खरं बोलायला लागतो. वर्षभराची मेहनत फुकट गेली, निबंध परत आला, नोकरीचा भरवसा नाही, असं सगळं सांगतात. आणि मग बाहेर जाऊन टाकतात, "सांगताना आनंद होतो की…" दुसरा ते वाचतो आणि त्याला वाटतं, आपण एकटेच बुडतोय. मग तोही माझ्याकडे येतो. माझं दुकान त्यावर चालतं. चार माणसांचं घर चालतं, त्यांत तुमची बायकोही आली.

दोन महिने गप्प असलेलं पान म्हणजे शटर ओढलेलं दुकान. लोक विचारत नाहीत आत कोणी आजारी आहे का. पुढच्या दुकानात जातात.

एप्रिलपर्यंत चालू द्या.

सासरा


२० फेब्रुवारी

जावईबापू,

तुमचं मोठं पत्र मिळालं. आधी वाटलं, राग निवळला. मग वाचलं.

मी शिकलेला नाही, म्हणून मला कळलं तसं लिहून काढतो, चुकलं तर सांगा. खारवट, मेलेल्या मातीच्या तुम्ही कुंड्या भरल्या. अर्ध्यांत गांडुळं सोडली, अर्ध्यांत नाही. गांडुळांच्या कुंड्यांतली माती सुधारली, दुसऱ्यांतली नाही. त्यावर तुमचा निबंध, त्यावर तुमचं नाव, त्यावर आम्ही लावलेलं ते बिरूद, 'मातीचा वैद्य'. आता तुम्ही म्हणता, गांडुळं कोरडी पडली की मरतात, म्हणून त्यांच्या कुंड्यांना रोज वरून थोडं पाणी शिंपडायचात. हात आपोआप जायचा. ते पाणी वहीत धरलंच नाही, कारण ते प्रयोगाचा भाग नव्हतं, ती नुसती काळजी होती. आणि मीठ धुऊन नेलं ते त्या पाण्याने. तिथे केंद्रात सगळ्या कुंड्यांना सारखं पाणी दिलंत तर गांडुळांनी काहीच केलं नाही. नुसती राहिली, खाल्लं, झोपली. सरकारी पाहुण्यांसारखी.

इतकंच ना?

तुम्ही लिहिता की मासिकाला कळवलंय, पण तिथे महिनोन्महिने लागतात. विभागप्रमुखांना कळवलं, तर ते म्हणाले, "समिती होऊ दे, मग बघू." आणि पानाचा पासवर्ड माझ्याकडे, म्हणून मला सांगताय की सरळ शब्दांत टाका, माझा निष्कर्ष चुकीचा आहे.

अहो, मी इतकी वर्षं या लोकांची पानं लिहितोय. लग्नं, बक्षिसं, परदेशवाऱ्या, आजारातून उठणं, सगळं लिहिलं. 'मी चुकलो' हे वाक्य मी अजून एकाच्याही पानावर टाकलेलं नाही. कोणी मागितलंच नाही. ते कोणत्या अक्षरात लिहायचं हेही मला माहीत नाही.

दोन महिने थांबा, एवढंच मागतो. समिती होऊ दे, पगार पक्का होऊ दे, मग तुमच्या हाताने लिहा, मी वर तोरण बांधीन. इतके दिवस ती माती खोटी सुधारलेली राहिली, अजून दोन महिन्यांनी तिचं काय बिघडणार आहे? तुमचं बिघडेल. तिचंही.

पत्र तिला दाखवलेलं नाही. माझ्या टेबलाच्या खणात आहे.

सासरा


३ मार्च

जावईबापू,

तुम्ही "टाका" एवढंच लिहून पाठवलंत, म्हणून टाकलं. काय टाकलं ते तुम्ही पाहिलं असेलच, तरी लिहितो. नाही तर तुम्हाला वाटेल, म्हातारा लपवतोय.

"शास्त्राचा प्रवास कधीच सरळ नसतो. आमच्या मातीच्या संशोधनाने एक नवं वळण घेतलं आहे, हे सांगताना आनंद होतो. पाण्याच्या भूमिकेवर अनपेक्षित प्रकाश पडतो आहे. आमच्या आधीच्या समजुती तपासून पाहण्याची ही संधी आहे."

मला वाटलं, साप मेला, काठीही शाबूत. ज्याला कळायचं त्याला कळेल आणि समितीच्या पोटात दुखणार नाही.

जावईबापू, लोकांनी अभिनंदन केलं. तुमच्या त्या मूळ शोधाला मिळाले नव्हते एवढे अंगठे मिळाले. एकाने लिहिलं, "पाण्याचा विचार करायला धाडस लागतं." दुसऱ्याने लिहिलं, "तुमच्यासारखे सतत पुढे जाणारे लोक पाहिले की उमेद येते." एका परिषदेचं आमंत्रण आलंय, पाण्यावर बोलायला. विभागप्रमुखांनी लिहिलं, "आम्हाला अभिमान आहे," आणि खाली तीन फुलं. ते तर जाणून होते हो! त्यांना तर तुम्ही स्वतः सांगितलं होतं.

मी धंद्यात फसवणूक पाहिली आहे. पण फसवायचा प्रयत्न करावा आणि समोरच्याने आपल्याहून पुढे जाऊन फसून घ्यावं, असं पहिल्यांदा पाहिलं. हसायला आलं, आणि मग हसवेना.

कन्येने सकाळी ते वाचलं. कपबशी ठेवली आणि म्हणाली, "बाबा, ही भाषा माझी आहे. पण हे मी लिहिलेलं नाही."

आता हेही सांगून टाकतो. पोस्टी मी लिहितो असं म्हटलं होतं. मी लिहीत नाही. मला चार ओळी धड जुळवता येत नाहीत. सुरुवातीपासून तीच लिहिते. तुमच्या लग्नाआधी लिहायची तशी आणि तुम्ही गेल्यावरही. फक्त ही एक मी तिच्यामागे लिहिली. तिच्या जुन्या पोस्टींतून शब्द उचलून, गोधडीला ठिगळं जोडावी तशी.

मग मला खण उघडावा लागला. तिने तुमचं पत्र उभ्याउभ्या वाचलं. मला वाटलं, रडेल. नाही रडली. म्हणाली, "हे मला माहीत आहे. जाण्याच्या आदल्या आठवड्यात त्याने जेवताना सांगितलं होतं. म्हणाला, पाणी, मी पाणी जास्त घातलं. आणि मी त्याला काय म्हटलं, सांगू? मी म्हटलं, हे आपल्याला छान मांडता येईल. ताट अर्धं होतं त्याचं. उठून हात धुतले."

तुमच्या सासूबाई स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होत्या. बाहेर येऊन माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ती कोणाकडून शिकली ते विचारा की तिला!"

मी उठून खण बंद केला.

ती पोस्ट अजून तशीच आहे. काढली तर लोक विचारतील का काढली. ठेवली तर अभिनंदन थांबत नाही. काय करू ते कळवा, असं लिहिणार होतो, पण तुम्ही आधीच कळवलं आहे.

सासरा


१५ मार्च

जावईबापू,

आज जे घडलं ते लगेच लिहितोय, उद्यापर्यंत माझं मन त्याला इस्त्री करून टाकेल.

दुपारी एक मुलगी आली. आपल्या कन्येच्या वयाची, किंवा थोडी लहान. नदीपलीकडच्या शेती महाविद्यालयात संशोधन करते. नव्हे, करत होती. म्हणाली, "फोटो हवाय. शास्त्रज्ञासारखा नको, नोकरीसारखा काढा."

मी म्हटलं, "दोन्हींत फरक काय?"

"शास्त्रज्ञाच्या फोटोत मागे काहीतरी असतं. माझ्या मागे काही नको."

निळा पडदा ओढला. विचारलं, नोकरी कुठली. विमा कंपनीत, म्हणाली. अर्ज तपासायचे. मी सवयीने विचारलं, "आणि संशोधन कशावर होतं?"

"गांडुळांवर."

मी भिंग पुसत होतो. पुसतच राहिलो.

दिवा लावला आणि ती बोलायला लागली. सगळे बोलतात तसं. तुमचाच प्रयोग ती दोन वर्षं करते आहे. तिचा सगळा प्रबंध त्यावर उभा राहायचा होता. "माझ्या हाताला यशच नाही, काका. गांडुळं जगतात, पण काम करत नाहीत. मी सगळ्या कुंड्यांना मोजून सारखं पाणी घालते, सावली सारखी, माती सारखी. काहीच होत नाही. सर म्हणतात, तुझंच काहीतरी चुकतंय, त्या माणसाला किती सहज जमलं बघ. मग मी त्यांच्या पानावर जाते. रोज जाते. आता तर ते पाण्याकडे वळलेत, पुढे निघून गेले. मी अजून त्यांच्या पहिल्याच पायरीवर बसलेय."

मी म्हटलं, "पानावरचं सगळं खरं नसतं, बाई."

"नसेल. पण तो हाताचा फोटो पाहिलात? गांडूळ धरलेला? किती स्थिर हात आहे. माझा थरथरतो. तेव्हाच मला कळलं की हे काम माझं नाही."

जावईबापू, तो हात दहा फुटांवर होता. माझ्या खांद्याला लटकलेला. त्याने कॅमेरा धरला होता.

मी काय केलं असेल? "हनुवटी जरा वर," असं म्हटलं. "खांदे सैल सोडा," असं म्हटलं. फोटो काढला. चांगला आला, खरंच चांगला आला. मागे काही नाही आणि चेहऱ्यावर सगळं. तिने बघितला आणि म्हणाली, "यात मी थकलेली दिसते." मी म्हटलं, "दिवा कमी केला तर दिसणार नाही." ती म्हणाली, "राहू द्या. विमा कंपनीला चालेल." आभार मानून गेली.

मी तिला सांगू शकलो असतो. एक वाक्य होतं. "मुली, तुझं बरोबर आहे, त्यांचं चुकलं." जिभेवर आलं होतं, पण ते वाक्य माझं नाही, जावयाचं आहे, असं मी स्वतःला सांगितलं. सोयीचं पडतं असं काही सांगायला.

मी तुम्हाला लिहिलं होतं, मातीचं काय बिघडणार आहे. मातीचं खरंच काही बिघडलं नाही.

सासरा


१७ मार्च

जावईबापू,

टाकलं.

काल दुपारी स्टुडिओचं दार लावून मी आणि कन्या बसलो. मी सांगत होतो, ती टाइप करत होती. तीनदा लिहिलं. पहिल्यांदा 'प्रामाणिकपणे' आलं. मी म्हटलं काढ, हा शब्द आला की माणूस आरशात बघतोय असं वाटतं. दुसऱ्यांदा 'शिकायला मिळालं' आलं. तिसऱ्यांदा तीच थांबली, म्हणाली, "बाबा, आपल्या दोघांच्याने हे होणार नाही. आपले हात बिघडलेत. त्याचं पत्र आणा." मग तुमच्या पत्रातून अक्षर न बदलता उतरवलं:

"माझ्या निबंधातला मुख्य निष्कर्ष चुकीचा आहे. गांडुळं असलेल्या कुंड्यांना मी जास्त पाणी घातलं आणि त्याची नोंद ठेवली नाही. माती पाण्याने सुधारली, गांडुळांनी नाही."

त्याखाली एक वाक्य तिने स्वतःचं घातलं आहे. तुम्हाला न विचारता, त्याबद्दल रागवायचं तर तिच्यावर रागवा, माझ्यावरचा कोटा संपला असेल:

"ज्यांना हा प्रयोग करून जमला नाही, त्यांचा प्रयोग बरोबर होता."

आधीची गोड पोस्ट काढली. माझ्या हाताचा फोटो काढून टाकला. 'मातीचा वैद्य' काढलं. पान आता धुतलेल्या फळ्यासारखं दिसतं.

ती नदीपलीकडची मुलगी तिचा पत्ता ठेवून गेली होती, फोटोच्या प्रती पाठवायला. तिला प्रतींबरोबर हे छापून पाठवलं. सोबत माझी दोन वाक्यं, की हात माझा होता. अक्षर थरथरलं, ते तिने पाहिलं तर बरंच.

अभिनंदन थांबलं. इतकं चटकन थांबलं की लाइट गेल्यासारखं वाटलं.

सासरा


२९ एप्रिल

जावईबापू,

समितीचं तुम्हाला अधिकृत कळेलच, पण सरकारी पाकिटाआधी घरच्या माणसाकडून कळावं. नाही म्हणाले. कायम करणार नाहीत. मुदत संपेपर्यंत तिकडच्या केंद्रात राहता येईल, पुढचं तुमचं तुम्ही.

विभागप्रमुख सांगायला आले होते. खुर्चीत बसले, पण फोटो काढायला नाही. म्हणाले, "चूक कोणाचीही होते हो, पण अशी चव्हाट्यावर मांडायची काय गरज होती? विभागाचं नाव जातं." मी म्हटलं, "तुम्ही फुलं टाकली होती, ती तरी काढून न्या." उठले. त्यांच्या मागोमाग त्यांच्या विभागातले दोघेतिघे दुसऱ्या स्टुडिओत गेले. एकाने मला रस्त्यात गाठून सांगितलं, "तुमच्याबद्दल काही नाही, पण तुमच्याकडे पान असलं की लोक विचारतात, तुमचंही काही चुकलंय का?" हे ऐकून मला खरं तर हसू आलं. सगळ्यांचंच काही ना काही चुकलेलं आहे. मी ऐकलंय ना, दिव्याखाली.

तुमच्या त्या पोस्टवर शेवटी अकराच माणसं बोलली. त्यांतल्या चौघांनी लिहिलं की आमच्याही कुंड्यांत काही होत नव्हतं, आम्ही कोणाला सांगितलं नाही. चौघं, जावईबापू. चार गावांत चार माणसं आपापल्या कुंड्यांसमोर बसून स्वतःला शिव्या देत होती.

त्या मुलीचं उत्तर आलं. तुम्हाला वाटेल, परत फिरली असेल. नाही. विमा कंपनीत रुजू झाली. लिहिते, "काका, आता परत जायचं बळ नाही. पण मी ते पान आईला वाचून दाखवलं. ती गेली दोन वर्षं म्हणत होती, हिला मातीतलं काही जमत नाही. आता म्हणत नाही." तुमच्यासाठी निरोप आहे, तिने प्रयोगाच्या सगळ्या नोंदी नीट ठेवल्या आहेत, पाण्यासकट. हव्या असतील तर पाठवेल. तुम्हाला दुसऱ्याच्या हातचा तोच प्रयोग नीट केलेला हवा असेल, तर तो तिच्या कपाटात आहे. तिने पत्रात तुम्हाला शिव्या दिलेल्या नाहीत. मी दोनदा शोधल्या.

आता शेवटचं.

कन्या निघाली आहे. हे पत्र तिच्याच हातात देतोय, बसमधून येईल, म्हणजे तिच्याबरोबरच पोचेल. आम्ही पाठवत नाही, हे लक्षात ठेवा. मी तर म्हटलं, आधी त्याला विचार, ये म्हणतो का. तर म्हणाली, "त्याला विचारलं तर तो विचार करून उत्तर देईल, मला विचार केलेलं उत्तर नकोय." तुमच्या सासूबाईंनी विचारलं, "किती दिवसांचे कपडे घेऊ?" तर म्हणाली, "आई, मी राहायला चाललेली नाही. भांडायला चाललेय."

मला बरं वाटलं. गेले चार महिने ती कोणाशीच भांडली नव्हती. दुकानात आलेल्या प्रत्येकाशी गोड बोलायची, घरी आमच्याशीही गोड बोलायची. मी घाबरलो होतो.

काय भांडणार आहे तेही मला थोडं ठाऊक आहे, पातळ भिंती आणि माझे कान. तुम्ही ताटावरून उठलात, ते बरोबर होतं, पण ती एक वाक्य चुकीचं बोलली म्हणून तुम्ही चार महिने उठलेलेच राहिलात, हे बरोबर नव्हतं. तुम्ही मासिकाला लिहिलंत, विभागप्रमुखांना लिहिलंत, मला लिहिलंत. तिला काही लिहिलं नाहीत. एवढंच. याहून जास्त मला माहीत नाही आणि माहीत असतं तरी लिहिलं नसतं.

ती बोलेल तेव्हा मधे "तुझं बरोबर आहे" म्हणू नका, तिला ते आवडत नाही, लहानपणापासून नाही. आणि सगळं ऐकून झाल्यावर जर तिने पिशवी उचलली, तर तिला बसपर्यंत पोचवा, अडवू नका. आम्ही दार उघडं ठेवलं आहे, तिच्यासाठी आणि तुमच्यासाठीही. दोघं मिळून आलात तर वरची खोली आहे, एकेकटे आलात तरी आहे. नोकरी नसलेला जावई मी आधी पाहिलेला नाही, पण मी स्वतः स्टुलावर बसून सुरुवात केली होती, तेव्हा माझ्या सासऱ्यांनी तरी असला जावई कुठे पाहिला होता.

रस्ता लांबचा आहे आणि प्रवासात तिच्या पोटात काही ठरत नाही. ती दारात उभी असेल आणि तुम्ही हे वाचत बसला असाल. ठेवा हे बाजूला. तिला पाणी द्या.

सासरा